उंच गाडीचा पीळ काढण्याची कार्यवाही

कोणतीही वस्तू जमिनीपासून पुरेशी उंच केली, की तिच्या मालकाचे निम्मे आयुष्य तिच्याखाली जाते. हे तत्त्व मी शोधलेले नाही. मी फक्त मोजदाद केली. एका शनिवारी सकाळी दहा वाजता मामांच्या गाडीखाली पुढील ऐवज होता: पाने सात (त्यांतले तीन एकाच मापाचे), जॅक दोन, विटा चार, सतरंजी एक, चहाचे रिकामे पेले तीन, टॉर्च एक (बंद), मामा एक, वेल्डर एक, आणि अध्यक्षांचे डोके. बाकीचे अध्यक्ष बाहेर होते, कारण त्यांचा शर्ट पांढरा होता.

मी मामांची भाची. भौतिकशास्त्राची पदवी घेतली आहे, नोकरीच्या चार अर्जांना उत्तर यायचे आहे, आणि तोवर मामांकडे राहते. त्यामुळे घरात मोजमाप हे खाते माझ्याकडे आहे.

अध्यक्ष म्हणजे उंच वाहन मालक मंडळाचे अध्यक्ष. त्यांचा गाद्यांचा व्यवसाय आहे. मंडळाचे सभासद अकरा, गाड्या बारा. मंडळाचे कार्य मोलाचे आहे. साध्या गाडीचा उपयोग फक्त कुठेतरी जाण्यासाठी होतो. उंच गाडीत आधी चढावे लागते, त्यामुळे जाण्याला एक उद्देश येतो. मंडळाच्या बारा गाड्यांनी मिळून गेल्या वर्षभरात डांबरी रस्ता सोडून किती अंतर कापले, हे मी प्रत्येक सभासदाला विचारून काढले. ते चारशे दहा मीटर भरते. त्यातले तीनशे मीटर अध्यक्षांच्या गोदामासमोरचा रस्ता पाइपसाठी खणला होता तेव्हाचे आहेत.

आता शास्त्र. गाडीच्या मागच्या दोन चाकांना जोडणारा जो जाड लोखंडी नळा, तो ॲक्सल. ॲक्सलवर पाटे, म्हणजे एकावर एक बांधलेल्या पोलादी पट्ट्या, प्रत्येक बाजूला सहा. पाट्यांवर गाडी. गाडी उंच करायची म्हणजे ॲक्सल आणि पाटा यांच्यामध्ये एक लोखंडी ठोकळा सरकवायचा. मामांनी पंधरा सेंटिमीटरचा सरकवला, कारण अध्यक्षांचा चौदाचा होता.

ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन चाकांना पुढे फिरवते, आणि त्याच जोराने ॲक्सल स्वतः मागे फिरू पाहतो. ठोकळा उंच असला की त्याला पाटा पिळायला आयता लांब हात मिळतो. ओला टॉवेल पिळावा तसा पाटा पिळला जातो, नागमोडी होतो, मग त्याची सहनशक्ती संपते, तो सुटतो, चाक उडते, आपटते, रस्ता पकडते, आणि पुन्हा पहिल्यापासून. हे सेकंदाला पाच वेळा. बाहेरून पाहणाऱ्याला गाडीला ठसका लागल्यासारखे दिसते. आत बसलेल्याला काहीच दिसत नाही, कारण त्याचे डोळेही त्याच वेगाने हलत असतात. मी ॲक्सलला पुठ्ठ्याचा कोनमापक चिकटवून मोबाइलने चित्रण केले. पीळ: अकरा अंश. पहिल्या तीन मीटरमध्ये चाक जमीन सोडते: सहा वेळा.

यात कोणाचे काही बिघडत नव्हते. मंडळात तर उड्या मारत निघणे हे ताकदीचे लक्षण मानतात. बिघडले ते मामी गाडीत बसली म्हणून.

मामी मागच्या शेडमध्ये मातीचे कप घडवते, तिथल्याच भट्टीत भाजते आणि टेकडीवर ताईंच्या, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीच्या, दुकानात ठेवायला नेते. दोन महिन्यांपूर्वी मामा म्हणाले, एवढी गाडी दारात असताना तू कशाला दगदग करतेस. मामी चाळीस कपांचे खोके मांडीवर घेऊन बसली. गाडी फाटकातून निघाली. तीन मीटरनंतर कप नऊ होते. मामीने उतरण्यासाठी तिपाई मागितली (गाडीचे दार जमिनीपासून एकशे चार सेंटिमीटरवर आहे), मामांनी आणून दिली, आणि हा सगळा प्रकार शेजारच्यांनी मला मुद्दाम सांगितला.

नंतर ती शांतपणे बोलली. तिची अट माझ्या वहीत आहे तशी देते: “मी आणि माझे चाळीस कप धड वर पोचलो, तर गाडी राहील. नाहीतर गाडी विकायची आणि त्या जागी मला मोठी भट्टी बांधून द्यायची.” मुदत पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारपर्यंत.

मामांनी आजवर स्वतःसाठी म्हणून घेतलेल्या वस्तू दोन: ही गाडी आणि एक छत्री. छत्रीही तशी लहान आहे. मुदत ऐकल्यावर ते गाडीजवळ गेले आणि उगाचच आरसा पुसत बसले.

मंडळाची तातडीची सभा आमच्या अंगणात भरली. मामी कपांना कान जोडत होती, तिथूनच तिने विचारले की ते मधले ठोकळे काढून टाकले तर नाही का चालणार. मंडळाच्या नियमावलीत कलम चार असे आहे: ‘उंची कमी करणे हा उपाय चर्चेस घेऊ नये.’ मामीची सूचना इतिवृत्तात ‘विषयांतर’ या मथळ्याखाली आदरपूर्वक नोंदवली गेली. मग दीड तास चर्चा होऊन ट्रॅक्शन बार बसवण्याचे ठरले. हा एक दांडा असतो. त्याचे मागचे टोक ॲक्सलला, पुढचे टोक गाडीच्या सांगाड्याला. ॲक्सल मागे फिरू लागला की दांडा त्याला म्हणतो, जागेवर राहा. (ठोकळ्याने निर्माण केलेला प्रश्न दांड्याने सुटतो. दांड्याने निर्माण होणाऱ्या प्रश्नासाठी मंडळाने पुढच्या वर्षीची एक सभा राखून ठेवली आहे.)

दांडा करण्याचे काम टाकेमास्तरांकडे गेले. ते वेल्डर आहेत. वेल्डिंगचा टाका इतका सुबक मारतात की माणसे तुटलेली फाटके त्यांच्याकडे नेतात आणि नंतर रंगच देत नाहीत. मी त्यांचे टाके पट्टी लावून मोजले: सेंटिमीटरला चार लाटा, सगळ्या सारख्या. मास्तरांचा हलणाऱ्या गोष्टींवर विश्वास नाही. “हलतं ते तुटतं,” ते म्हणाले. “मी हलूच देत नाही.” त्यांनी दांड्याची दोन्ही टोके पक्की जोडून टाकली.

पहिली चाचणी आमच्या गल्लीच्या गतिरोधकावर झाली. पीळ शून्य अंश आला. पाट्यांची वर-खाली हालचालही शून्य आली, कारण आता ॲक्सल आणि गाडी मिळून एकच वस्तू झाली होती. गाडी गतिरोधकावरून कपाट ढकलावे तशी गेली. मामांची जीभ दातांत सापडली, आणि पुढचे दोन दिवस मंडळाचा पत्रव्यवहार वाढला.

मी मास्तरांना वहीत आकृती काढून दाखवली. खड्ड्यात चाक वर-खाली होते तेव्हा ॲक्सल सरळ वर जात नाही, थोडा पुढे-मागेही सरकतो. म्हणून दांड्याचे पुढचे टोक पक्के नको. दोन छोट्या पट्ट्यांवर झुलते हवे, झोक्याच्या कड्यांसारखे. त्याला शॅकल म्हणतात. फिरायला परवानगी नाही, सरकायला आहे. मास्तरांनी आकृती बराच वेळ पाहिली.

“म्हणजे एवढं घट्ट करून शेवटी लटकवायचं?”

“हो मास्तर.”

“मग तू तुझ्या वहीत लिहून ठेव की मी नको म्हणालो होतो.”

मी लिहून ठेवले. मग त्यांनी दुसरा दांडा केला, आणि तो पाहून मला खरोखर हेवा वाटला. दोन नळ्या, मागे एक ॲक्सलच्या वर, एक खाली, पुढे निमुळत्या होत एका रबरी बुशात, म्हणजे रबराचे अस्तर असलेल्या कड्यात, मिळालेल्या, आणि ते टोक शॅकलवर झुलते. लांबी एकशे बत्तीस सेंटिमीटर. असे दोन, डावा आणि उजवा. बोटाने ढकलला की दांडा एक सेंटिमीटर पुढे जाई आणि आवाज न करता परत येई. मास्तर ते दहा-बारा वेळा करून पाहत होते आणि मी पाहते आहे असे दिसताच हात पुसू लागले.

आता चाचण्या. मामीने मागच्या सीटवर बसावे असे मी सुचवले, कारण ते स्थान बरोबर ॲक्सलच्या जवळ येते आणि सर्वांत संवेदनशील आहे. मामी म्हणाली, “मी चाचणीला येणार नाही. निकालाला येईन.” तेव्हा तिच्या वजनाइतकी वाळू बसवायचे ठरले. मामीला वजन विचारण्याचे काम मंडळाने एकमताने माझ्याकडे सोपवले. मामीने पन्नास सांगितले. मी गोणीत अठ्ठावन्न किलो भरली. गोणी उसवलेल्या ठिकाणी गळत होती म्हणून तिला मामीची जुनी शाल गुंडाळली, सीटवर बसवली आणि पट्टा लावला.

चौदा चाचण्या झाल्या. पीळ सरासरी एक अंश. चाकाने जमीन सोडली: शून्य वेळा. गोणीची तक्रार: शून्य. अध्यक्षांनी गोणीला ‘आदर्श प्रवासी’ म्हटले आणि मग शेडकडे पाहून आवाज खाली आणला.

रविवार उजाडला. मी बारा कलमांची तपासणी-यादी केली होती. कलम एक, टायरमधली हवा. कलम पाच, दांड्याचे बोल्ट. कलम सात, आतला आरसा काढून त्या जागी ध्वनिमुद्रणासाठी मामांचा मोबाइल. कलम नऊ, ‘मागचे दार लागल्याचा आवाज: आला/नाही आला’. प्रत्येकाची जागा ठरलेली होती. मामा स्टिअरिंगवर. मास्तर डाव्या दांड्याशी वाकलेले. अध्यक्ष फाटकात, हिरवा रुमाल घेऊन. मी उजव्या मागच्या चाकाशी आडवी, कोनमापकावर मोबाइल रोखून. प्रवाशाची जबाबदारी कोणाकडेच नव्हती, कारण चौदा चाचण्यांत प्रवाशाला कधी जबाबदारीची गरज पडलेली नव्हती.

मामी खोके घेऊन आली. तिने चांगली साडी नेसली होती. ती तिपाईवर चढली, दार उघडले, आणि आत तिच्या शालीत गुंडाळलेली, पट्टा लावून बसलेली, तिने सांगितल्यापेक्षा आठ किलो जास्त वजनाची गोणी तिने पाहिली.

तिने मला हाक मारली असणार. इंजिन सुरू होते. गाडीखालून मला तिपाईवरचे तिचे पाय तेवढे दिसत होते. काहीतरी आवाज आला, मी “हो, हो” म्हणाले. मी कोनमापकाकडे पाहून पुन्हा तिकडे पाहिले, तर तिपाईवर पाय नव्हते. पाय तिपाईवर नाहीत, म्हणजे ते गाडीत आहेत, अशी मी नोंद केली. (विज्ञानात याला निष्कर्ष म्हणतात.) त्याच क्षणी मागचे दार जोरात आपटले. कलम नऊ: आला.

अध्यक्षांनी रुमाल खाली केला.

गाडी निघाली ती मी आजवर पाहिलेल्या कोणत्याही वस्तूपेक्षा सुंदर निघाली. उडी नाही, ठसका नाही. दांड्यांनी ॲक्सलला जागेवर धरले, शॅकल एकदा पुढे झुलले, परत आले, आणि एवढी मोठी गाडी तेलावरून सरकल्यासारखी फाटकाबाहेर गेली. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही तिघे धावत शेडमध्ये गेलो आणि चित्रण सावकाश चालवून पाहू लागलो. एक अंश. पुन्हा लावले. पुन्हा एक अंश.

मामी आमच्या मागे खोके घेऊन उभी होती, असे तिने नंतर सांगितले. सुमारे एक मिनिट. मग तिला कोपऱ्यावर बस येताना दिसली. कप फुटल्यापासून ती त्याच बसने टेकडीवर जात होती, त्यामुळे चालकाने तिच्यासाठी थांबवली.

मामा ताशी पंधरा किलोमीटरने चालले होते, कारण त्यांना एकही कप हलू द्यायचा नव्हता. दुसऱ्या वळणावर बसने त्यांना मागे टाकले. मामी सांगते, तिने खिडकीतून हात केला. मामांचे लक्ष नव्हते. ते एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने हातवारे करत मागच्या सीटशी बोलत होते.

गाडी वर पोचायला तेवीस मिनिटे लागली. तिपाई खाली अंगणातच राहिली होती. हे लक्षात आल्यावर मामांनी काय केले, ते मला ताईंकडून कळले. ते उतरले, मागचे दार उघडले, आत न पाहताच “थांब, मी उचलून घेतो” म्हणाले, आणि दोन्ही हात पुढे केले. तेव्हा मामी दुकानाच्या पायरीवर बसली होती. तिच्या मागे फळीवर कप मांडून झाले होते.

“अहो,” ती म्हणाली, “मला तर कधी असं उचललं नव्हतंत.”

ताई म्हणतात, मामा बराच वेळ गोणी आणि मामी यांच्याकडे आळीपाळीने बघत राहिले. शास्त्रीय दृष्टीने हे योग्यच होते. त्यांना तुलना करायची होती. गाडीचे काय, हे मामी त्या दिवशी बोलली नाही. परत येतानाही ती बसने आली. मामा गाडी घेऊन आले, ती फाटकाबाहेरच लावली, आणि किल्ली शेडच्या खिळ्याला अडकवून जेवायला बसले. भाजीत मीठ नव्हते, तरी त्यांनी ती दोनदा वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ध्वनिमुद्रण तपासायला घेतले. मला पाट्यांच्या कुरकुरीची वारंवारता काढायची होती. मामी शेजारी माती मळत होती. पहिली काही मिनिटे मामा फक्त दांड्याबद्दल बोलतात: काही जाणवलं का, नाही ना, मग. मध्ये एक बस जाते. चौदाव्या मिनिटाला त्यांचा आवाज बदलतो. हा भाग मी शब्दशः उतरवला आहे.

“अगं, तू काही बोलत नाहीस, म्हणून सांगतो. ते एकतीस कप माझ्यामुळे फुटले. मी त्या दिवशी म्हणालो की खोकं तू नीट धरलं नव्हतंस. तू नीटच धरलं होतंस. ठोकळ्यांचंही तुझंच बरोबर होतं. मला तेव्हाच कळलं होतं. पण सगळे बसले होते ना अंगणात.”

पुढे अकरा सेकंद पाटे कुरकुरतात. मग मामा म्हणतात, “गाडी विकायची तर विकू. तू असं सोबत शांत बसलीस, मला पुष्कळ झालं.”

मामीचे हात मातीत थांबले होते.

“मागे घे,” ती म्हणाली.

मी मागे घेतले. तिने ते तीन वेळा ऐकले. मग ओल्या हातानेच तिने खिळ्यावरची किल्ली काढली आणि जेवणघरात जाऊन मामांच्या ताटाशेजारी ठेवली.

“गाडी राहू द्या,” ती म्हणाली. “एरवी तुमच्या तोंडून असलं काही निघत नाही.”

मामांनी विचारले, मग पुढच्या रविवारी येशील का गाडीतून. मामी म्हणाली, बघू. आधी त्या बाईला खाली उतरवा.

मंडळाचा अहवाल अध्यक्षांनी लिहिला. त्यात तीन विधाने आहेत. दांडे बसवण्यात आले. त्यानंतर मामी व चाळीस कप टेकडीवर सुखरूप पोचले. सबब दांडे यशस्वी. शास्त्रीय सल्लागार म्हणून माझी सही हवी होती. मी पहिली दोन विधाने तपासली. ती अचूक होती. तिसऱ्यावर मी दोन दिवस विचार केला. दरम्यान आणखी सात सभासदांनी टाकेमास्तरांकडे दांडे सांगितले, आणि त्यांतल्या तिघांनी आधी ठोकळे अठराचे करून घेतले, म्हणजे दांड्यांना काम राहील. मी सही केली.

हा वृत्तान्त छापायला देण्यापूर्वी मी तो बावीस सुशिक्षित वाचकांना वाचायला दिला, आणि वाचून होताच प्रत्येकाने विचारलेला पहिला प्रश्न वहीत टिपला. सर्वांनी वृत्तान्त आवडल्याचे सांगितले. त्यांतल्या एकाकडेही उंच गाडी नाही. निकाल असा:

गाडी आता नेमकी किती उंच आहे: तेरा जण.

दांडे साध्या गाडीला बसतात का: सात.

टाकेमास्तरांचा पत्ता: दोन.

बसचा नंबर: शून्य.